पुळणीवरचा हरिपाठ

वाचकहो, माघीची वारी यंदा माझी चुकली, हे आधीच कबूल करतो. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांपैकी माघी मी विसाव्या वर्षापासून सोडली नव्हती. आषाढीला गर्दी आवरत नाही, कार्तिकीला शेताची कामे मागे लागलेली असतात. माघी म्हणजे आपली निवांत वारी. वाळवंटात बसावे, दोन जुने टाळकरी भेटावेत, सुखदुःखाचे बोलावे. यंदा पौषात डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. काचबिंदू. या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, एवढेच वैद्याच्या हाती असते. धूळ आणि गर्दी दोन्ही वर्ज्य केली. दशमीला गावातली मंडळी निघाली तेव्हा मी काळा चष्मा लावून ओसरीवर बसलो होतो. विणेकऱ्याने वाकून नमस्कार केला आणि काही न बोलता तो पुढे गेला. बोलला असता तर बरे झाले असते.

माझी अवस्था पाहून मुलाने ठरवले की आबांना दोन दिवस कुठेतरी न्यायचे. 'समुद्रावर जाऊ. तिथे धूळ नसते,' तो म्हणाला. एकादशीला पंढरी चुकवायची आणि पौर्णिमेला समुद्र पाहायला जायचे, हे मनाला काही पटेना. पण घरात आता माझे फार चालत नाही. ते योग्यच आहे. चतुर्दशीला पहाटे आम्ही निघालो. मुलगा, सूनबाई, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकणारी नात आणि मी. कराडहून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून गुहागर.

गुहागरचे नाव ऐकल्यापासून माझ्या मनात एक गोष्ट खुपत होती. ती पुढे सांगतो.

गुहागर हे लांबट गाव. एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरे, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडी संपली की सुरूची झाडे आणि समुद्र. आमची उतरायची सोय एका घरगुती ठिकाणी होती. मागच्या दाराने बाहेर पडले की शंभर पावलांवर पुळण. कोकणात वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात. आम्ही घाटावरचे लोक चंद्रभागेच्या वाळूला वाळवंट म्हणतो. वाळू तीच, पण पुळण म्हटले की ओली वाटते, हे आपले माझे.

घराचे मालक माझ्याच वयाचे. कपाळाचा बुक्का पाहून त्यांनी 'राम कृष्ण हरी' म्हटले आणि लगेच कामाची गोष्ट सांगितली. 'बुवा, तिथी तुम्हाला पाठ असणारच. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. पुढे सहा तासांनी ओहोटी.' मी मनातल्या मनात हिशोब केला. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. उद्या सव्वाअकराच्या सुमारास भरती, साडेपाचच्या आसपास ओहोटी. सारे आयुष्य तिथी मोजण्यात गेले. एकादशी कधी, दशमीची वेळ कोणती, द्वादशीचे पारणे कधी. त्याच तिथीवर समुद्रही आपली ये-जा करतो, हे सत्तरी ओलांडल्यावर कळले. एकादशीचा हिशोबही करून पाहिला. सव्वाआठ. पंढरीत त्या सुमारास मी दर्शनबारीत असतो.

पहिल्या संध्याकाळी पुळणीवर पुष्कळ मंडळी होती आणि जो तो फोन उगारून उभा. सूर्याकडे पाठ करून, सूर्याला खांद्यावर बसवून, सूर्य चिमटीत धरून नाना तऱ्हांचे फोटो चालले होते. श्रोत्यांना, म्हणजे वाचकांना (सवय जात नाही), सांगायला हरकत नाही, या विषयावर कीर्तनात माझा एक ठरलेला दृष्टान्त होता. 'पूर्वी लोक देवाकडे तोंड करून उभे राहत, आता देवाकडे पाठ करून उभे राहतात, कारण देवासकट स्वतःचा फोटो हवा.' हशा हमखास. वीस वर्षे तो दृष्टान्त चालला. त्या संध्याकाळी तोच माझ्या ओठांवर होता. नातीने फोन पुढे केला, 'आबा, तुम्ही एक काढा ना.' मी म्हणालो, 'हरिपाठाची वेळ झाली.' वाळूवर बसलो, डोळे मिटले आणि टाळीवर हरिपाठ सुरू केला. डोळे उघडले तेव्हा सूर्य गेलेला होता आणि बरीचशी माणसेही. नात मात्र तशीच उभी. मी म्हटले, 'चल, मावळला.' ती म्हणाली, 'आत्ताच तर सुरू होतंय, आबा. सूर्य गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं. लोक घाई करतात.'

आता डोळ्याचे सांगायला हवे, कारण पुढचे सारे त्यावर आहे. काचबिंदूत नजर कडेने जाते. समोरचे नीट दिसते, आजूबाजूचे नाहीसे होते. जात्याच्या खुंट्यापुरते छिद्र असलेल्या पाटीतून पाहावे, तसे म्हणा. माझा उजवा डोळाही थोडा त्याच वाटेने निघाला आहे. दोन्ही मिळून जेवढे दिसते तेवढे एका माणसाचे तोंड पाहायला पुरते. समुद्राला पुरत नाही. त्या संध्याकाळी मला समुद्र तुकड्यातुकड्याने दिसला. ही लाट, मग मान वळवून ती होडी, मग तो डोंगराचा सुळका. तुकडे जोडून समुद्र होत नाही. हे मी कुणाला बोललो नाही. मुलाने पदरमोड करून आणले आणि आपण म्हणायचे की दिसत नाही, हे बरे दिसत नाही.

रात्री जेवणे झाल्यावर नात फोटो दाखवत बसली. मी उगीच पाहायचे म्हणून फोन हातात घेतला. आणि वाचकहो, अख्खा समुद्र त्यात होता. डावीकडचा डोंगर, उजवीकडचा सुरूचा बन, मधले पाणी, वरचे जांभळे-केशरी आभाळ, सगळे एकदम, वीतभर जागेत, माझ्या नजरेच्या त्या छिद्रात नेमके मावणारे. मान वळवावी लागली नाही. मी पुष्कळ वेळ तो फोन धरून बसलो. नातीला वाटले आबांना झोप लागली.

ज्ञानेश्वरीचा अकरावा अध्याय मी किती सप्ताहांत सांगितला असेल! अर्जुनाने हट्ट धरला, देवाने दिव्य दृष्टी दिली, विश्वरूप दाखवले. आणि ते पाहिल्यावर अर्जुनाची काय अवस्था झाली? थरथर कापू लागला, दिशा कळेनात, आणि म्हणू लागला की देवा, हे आवर, मला आपले नेहमीचे रूप दाखव. मी हे सांगताना नेहमी अर्जुनाला थोडे हसत असे. देवाने सर्वस्व उघडे केले आणि हा छोटे रूप मागतो! त्या रात्री मला अर्जुनाची बाजू कळली. ज्या नजरेत जेवढे मावते तेवढेच तिला रूप. आपला पांडुरंगही एका विटेवर मावला आहे, कटीवर हात ठेवून. तो विटेपुरता झाला म्हणून आपल्याला भेटला. फोनच्या काचेची आणि विटेची बरोबरी मी करत नाही, कुणी तसा अर्थ घेऊ नये. पण आकाराला हसण्याचा माझा अधिकार त्या रात्री गेला.

आता ती खुपणारी गोष्ट.

चाळीसेक वर्षांपूर्वी चिपळूणजवळच्या एका खेड्यात सप्ताह होता. काल्याचे कीर्तन माझे होते. सहसा मी सौ.ला बरोबर नेत नसे, त्या वेळी नेले होते. काला झाल्यावर यजमान म्हणाले, आला आहात तर गुहागरचा व्याडेश्वर आणि समुद्र पाहून जा. एका जीपमध्ये आम्ही सातआठ जण आलो. देवदर्शन झाले, पुळणीवर आलो. तिने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. आमच्याकडे पाणी म्हणजे कृष्णा-कोयना, तेही पूर आला तरच रुंद. ती पाण्यात पाऊल घालायलाही भीत होती. तिथे गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक फोटोवाला फिरत होता. पत्ता लिहून घ्यायचा आणि पोस्टाने फोटो पाठवायचा. ती काही बोलली नाही, पण पाहतो तर डोक्यावरचा पदर नीट करून, समुद्राकडे पाठ करून उभी राहिली होती. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावलाही होता.

मी सर्वांदेखत म्हणालो, 'देह नश्वर म्हणून काल दोन तास सांगितले, ते कुणाला सांगितले?'

सोबतची मंडळी हसली. तीही हसली आणि बाजूला झाली. फोटोवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. खिशात दक्षिणेचे पैसे होते. पैशाचा प्रश्नच नव्हता. मला ते वाक्य सुचले होते आणि ते बोलल्यावाचून माझ्याने राहवले नाही, एवढेच. कीर्तनकाराला हा रोग असतो. चांगले वाक्य सुचले की समोर कोण उभे आहे ते दिसत नाही. तो काचबिंदू पौषातला नव्हे, फार जुना.

२०१९ साली ती गेली. दिवसांच्या वेळी मुलगा फोटो शोधू लागला. मतदार ओळखपत्रावरचा एक, त्यात ती घाबरल्यासारखी दिसते. दुसरा दिंडीतला, त्यात पुढच्या बाईच्या डोक्यावरच्या तुळशीआड तिचा अर्धा चेहरा गेला आहे. शेवटी ओळखपत्राचाच मोठा करून घेतला. तो भिंतीवर आहे. तिच्या ओळखीची माणसे आली की पाहतात आणि म्हणतात, 'अशा नव्हत्या त्या.'

असो.

पौर्णिमेला सकाळी गावात उफराट्या गणपतीचे दर्शन घेतले. गावात सांगतात की हा गणपती आधी पूर्वेकडे तोंड करून होता. समुद्र गाव गिळायला निघाला तेव्हा भक्तांच्या धाव्याने त्याने तोंड फिरवले आणि पश्चिमेला, समुद्राकडे पाहू लागला. म्हणून उफराटा. देवाने समुद्राकडे पाठ करून चालत नाही, हे मला त्या दिवशी फार आवडले.

तिथून भरतीची वेळ साधून हेदवीला गेलो. दशभुज गणेशाचे मंदिर टेकडीवर आहे, ते पाहिले, पण नातीचा जीव बामणघळीत अडकला होता. किनाऱ्याच्या कातळाला एक अरुंद, लांब चीर पडली आहे. भरतीची लाट त्या चिरेत घुसते, पुढे वाट नाही, मागून दुसरी लाट रेटते, आणि पाणी तोफेसारखा आवाज करून वर उसळते. सव्वाअकराचा हिशोब बरोबर निघाला. नात पुढे पुढे सरकू लागली तेव्हा मुलाने तिचा दंड धरून मागे ओढले, ते बरे केले. तो कातळ शेवाळाने गुळगुळीत असतो आणि फोनमधून पाहणाऱ्याला आपले पाय दिसत नाहीत. तिथे जाणाऱ्या तरुण मंडळींना एवढेच सांगणे: घळीपासून दूर, कोरड्या कातळावर उभे राहा. ओला दगड दिसतो आहे याचा अर्थ मागची लाट तिथवर आली होती.

परतताना मासेमारांच्या वस्तीपाशी थांबलो. वासाने मी उपरणे नाकाला लावले, खोटे कशाला बोलू. एक म्हातारी उन्हात सुकत घातलेली मासळी उलटीपालटी करत होती. नातीने दुरूनच फोन रोखला. म्हातारीने ते पाहिले आणि ओरडली, 'अगो, विचार तरी आधी! केस तरी सावरू दे माझे.' नात वरमली, जवळ गेली, माफी मागितली. म्हातारीने हात पदराला पुसले, केस बसवले, पदर घेतला आणि ताठ बसली. मी गाडीत येऊन बसलो. मुलाने विचारले, 'वास सहन होत नाही का, आबा?' मी हो म्हणालो.

संध्याकाळी मी आपण होऊन नातीला म्हणालो, 'शिकव.' तिने आधी फोनची भिंगे पदरासारख्या मऊ कापडाने पुसायला सांगितली. खारा वारा दिवसभर भिंगावर मिठाचा पापुद्रा धरतो आणि मग सूर्याभोवती धुके दिसते. दुसरे, क्षितिज सरळ धरायचे. वाकडे धरले की समुद्र सांडल्यासारखा दिसतो. तिसरे, सूर्य जवळ ओढायला जायचे नाही, चित्र फाटते; आपणच चार पावले चालावे. आणि चौथे मला सर्वांत भावले. पडद्यावर जिथे बोट ठेवाल तिथला उजेड फोन प्रमाण मानतो. वाळूवर बोट ठेवले तर वाळू छान दिसते, पण आभाळ पांढरेफटक होऊन रंग उडतात. सूर्याजवळ बोट ठेवले की आभाळाचे रंग येतात आणि जवळची माणसे काळी सावली होतात. दोन्ही एकदम नीट येणे कठीण. मी म्हणालो, 'हे तर निरूपणच झाले. कीर्तनाला एक अभंग घेतला की बाकीचे हजारो त्या वेळेपुरते अंधारात जातात.' ती म्हणाली, 'आबा, आधी फोटो काढा.'

ओहोटी पुरी झाली होती. पाणी दूर गेलेले, आणि मागे राहिलेल्या ओल्या पुळणीवर सगळे आभाळ उतरलेले. सूर्य क्षितिजाला टेकता टेकता खालून चपटा होऊ लागला, भाकरी थापताना एका बाजूने दबावी तसा. मी कारण विचारले. नातीने सांगितले की क्षितिजाजवळ त्याचा उजेड हवेच्या फार जाड थरातून येतो. त्या प्रवासात निळा रंग वाटेतच विखुरतो, म्हणून तांबडा उरतो. आणि उजेड हवेत वाकतो, खालच्या कडेचा अधिक वाकतो, म्हणून तो चपटा. मग म्हणाली, 'आणि आबा, हा जो टेकलेला दिसतोय ना, तो खरं तर आधीच क्षितिजाखाली गेलाय. उजेड वाकतो म्हणून आपल्याला अजून दिसतोय.'

मी फोन खाली घेतला. 'म्हणजे गेलेलाच दिसतो आहे?'

'हो. टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत सव्वादोन मिनिटं. पटकन काढा.'

मी फोन उचलला, बोट सूर्याजवळ ठेवले, क्षितिज सरळ केले. तेवढ्यात पडद्यात सूनबाई आल्या. एका हातात माझ्या चपला, दुसऱ्या हाताने वाऱ्याने उडणारा पदर सावरत त्या पाण्याच्या कडेने येत होत्या. मी फोन धरलेला पाहिला आणि त्या गडबडीने बाजूला होऊ लागल्या. 'मधे आले का, आबा? सरकते.'

मी ओरडलो. कीर्तनातला माझा आवाज गेला असे लोक म्हणतात, पण त्या वेळी तो लाटांच्या वर गेला. 'सूनबाई, हलू नका. तिथेच उभ्या राहा.'

त्या उभ्या राहिल्या, चपलांसकट. मी फोटो काढला. नातीने पाहिला आणि हसली. सूर्य उत्तम आला होता, क्षितिज जवळजवळ सरळ होते, आणि सूनबाई म्हणजे नुसती काळी आकृती. पदर कळत होता, चेहरा नाही. 'बोट सूर्यावर ठेवलंत ना, आबा.'

तोवर सूर्य बुडाला होता. आजूबाजूची मंडळी वाळू झटकून निघाली. हरिपाठाची वेळ उलटत होती, हेही मनात होते. पण पांडुरंगाला म्हटले, आणखी थोडा थांब. सूनबाईंना विचारले, 'पुन्हा उभ्या राहाल का?' त्यांनी चपला खाली ठेवल्या, केस मागे घेतले, पदर नीट केला. मला एकदम गळ्याशी काही दाटल्यासारखे झाले, पण हात स्थिर ठेवणे भाग होते. नातीने आम्हा दोघांना वळवले. मी समुद्राकडे पाठ केली आणि सूनबाईंना गावाच्या बाजूला उभे केले. पश्चिमेचा सगळा तांबूस उजेड आता माझ्या मागून त्यांच्या तोंडावर पडत होता. त्यांच्या मागे सुरूचा बन, आणि बनावर, पौर्णिमाच ती, चंद्र निघाला होता.

या वेळी बोट त्यांच्या चेहऱ्यावर ठेवले.

मग तिथेच वाळूवर बसून चौघांनी हरिपाठ म्हटला, अंधार पडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी परत येताना चिपळुणात मुलाने एका दुकानात तो फोटो कागदावर काढून घेतला. सूनबाई म्हणतात, त्यात त्या जाड दिसतात. चेहरा स्पष्ट आहे.